लोडरच्या पाठीवरचं नाव

मंगळवार, ४ मार्च

वारा होता म्हणे. वारा!

झाडाचं पान हलत नव्हतं. उतारावरच्या टपरीबाहेर वाळत टाकलेले कपडे सरळ खाली लोंबत होते, मी स्वतः पाहिले. आणि हा माणूस स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून मला सांगतो, "अगं, वाऱ्याचा झोत आला."

शाळेच्या मैदानाचं काम संपलं म्हणून माती उचलायचा आमचा लोडर परत आणत होतो. पिकअपमध्ये आम्ही दोघं नवराबायको, मागे ट्रेलर, ट्रेलरवर लोडर. तलावाच्या उतारावर गाडीनं वेग घेतला आणि मागून कुणीतरी शेपूट धरून हलवावं तसं झालं. आधी थोडं. मग जास्त. माझ्या बाजूच्या आरशात रस्ता दिसायला हवा, तिथं आमचाच ट्रेलर! मग त्याच्या बाजूला. पुन्हा माझ्या बाजूला. मागचा टँकर हॉर्नवर हात ठेवूनच बसला होता. यानं कचकन ब्रेक दाबला. ट्रेलर आणखी आडवा. थांबलो तेव्हा पिकअपचं तोंड गटारात आणि ट्रेलर अर्ध्या रस्त्यावर.

टँकरवाला खाली उतरला, दोन शिव्या दिल्या आणि मग माझ्याकडे बघून म्हणाला, "ताई, पाणी प्या आधी."

घरी आल्यावर लेकीनं विचारलं, "काय झालं?" हा म्हणाला, "काही नाही. वारा."

मी चहा ओतत होते. किटली आपटली. सासूबाईंनी नुसतं वर बघितलं.

बुधवार, ५ मार्च

यंत्रं भाड्यानं देण्याचा हा धंदा सासऱ्यांनी उभा केला. फोन, ठरवाठरवी, किल्ल्या माझ्याकडे. यंत्रं नवऱ्याकडे. कॉलेज संपल्यापासून लेकही आवारात असते. बाप तिला 'उस्ताद' म्हणतो, आणि उस्ताद म्हटलं की ती काहीही करायला तयार.

आज सगळे जेवायला गेल्यावर एकटीच लोडरपाशी गेले. त्याच्या दारावर एक चित्र चिकटवलेलं आहे. इतकी वर्षं धूळ पुसताना त्यावरून फडकं फिरवलं, कधी नीट बघितलं नाही. ट्रेलरवर लोडर कसा चढवायचा त्याचं चित्र. मागे मागे नेत चढवायचा. रिव्हर्समध्ये. पाठ पुढं, गाडीकडे.

का ते कळायला इंजिनियर व्हायला नको. लोडरचं सगळं वजन पाठीत असतं, इंजिन तिथं असतं. पाठ पुढं ठेवली की वजन गाडीकडे येतं आणि ट्रेलरचं नाक खाली दाबून राहतं. पाठ मागं ठेवली की तेच वजन मागं लोंबतं, नाक हलकं, आणि ट्रेलर वाटेल तसा नाचतो.

आमचा लोडर सरळ चढतो. तोंड पुढं, पाठ मागं. चढताना पुढची चाकं फळीवरून उचलली जातात, बिथरलेल्या घोड्यासारखी. एकदाचा वर पोचला की बादली पुढच्या कठड्याला टेकते, म्हणजे आणखी पुढं सरकायलाही जागा नाही. वर्षभर असंच चाललंय.

आणि असं का? तर पाठीवर सासऱ्यांचं नाव आहे! पिवळ्यावर काळ्या ठसठशीत अक्षरांत नाव, खाली फोन नंबर. पाठ मागं असली की मागच्या गाड्यांना वाचता येतं. "फुकटची जाहिरात, फिरती पाटी," असं माझा नवरा छाती फुगवून सगळ्यांना सांगतो.

फिरती पाटी. काल सगळ्या जगाला फिरवून दाखवली की!

शुक्रवार, ७ मार्च

आज दाखवलंच त्याला.

लोडर ट्रेलरवर होता, नेहमीसारखा सरळ. ट्रेलर पिकअपला जोडलेला. मी चाकांना ओंडके लावले, हुकाची खिट्टी उघडली, ट्रेलरच्या पुढच्या दांड्याखाली एक हात घातला आणि उचलला. उचलला गेला! मी. पंचेचाळीस वर्षांची, पाण्याचा हंडा उचलताना कंबर धरणारी बाई. तीन टनांच्या ट्रेलरचं नाक एका हातात घेऊन उभी.

"बघ," मी म्हटलं. "हे माझ्या हातात यायला हवं का?"

शेजारच्या शेडमधला वेल्डर डोळ्यांवरचा काळा मुखवटा वर करून बघत होता. तो आधी हसला. "वहिनी, उद्यापासून जॅक विकून टाका!" मग नवरा हसला. मग लेक. "आई, तुला कुस्तीला पाठवू या!"

मी दांडा हातात धरून उभी आणि हे तिघं हसतायत.

मला रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. राग आला की मला रडू येतं आणि रडू आलं की हे लोक म्हणतात, झालं सुरू. आज डोळे कोरडे ठेवले. "उद्यापासून उलटा चढवायचा," म्हटलं. नवऱ्याचं हसू गेलं. "मला शिकवू नकोस," म्हणाला, आणि आत जाऊन टेबलावरची किल्ली शोधत बसला. किल्ली समोरच होती.

रविवार, ९ मार्च

तो बोलत नाही. मी बोलत नाही. घरात फक्त भांडी बोलतायत.

सोमवार, १० मार्च

शुक्रवारी डोंगरापलीकडच्या कामावर लोडर द्यायचाय. घेऊन कोण जाणार? उस्ताद! एकटी! तिची पहिली लांबची फेरी. तोच तलावाचा उतार, मग डोंगराची वळणं. आणि लोडर बाबा चढवून देणार, सरळ, पाटी मागे करून.

जेवताना सांगितलं यानं. भाजी वाढून घेता घेता, सहज. जणू तिला कोपऱ्यावर मीठ आणायला पाठवतोय.

"लोडर उलटा चढवला तरच जाईल," मी म्हटलं.

"आई, मी हळू चालवीन."

"हळू चालवून उतार सपाट होतो का?"

"तू किती घाबरट आहेस गं!"

"हो, आहे. तुला जन्म दिल्यापासून आहे."

सासूबाई फिसकन हसल्या. लेकही हसली जराशी. तो हसला नाही, ताटातच बघत राहिला. मग लेक एकदम म्हणाली, "आई, प्लीज. मलाच जाऊ दे. बाबा नकोत." जवळजवळ ओरडली.

बाबा नकोत! बापाला म्हातारा ठरवून त्याची गाडी पळवायची आणि वर मीच घाबरट. वीस वर्षांची माणसं इतकी निर्दय कशी असतात?

तिचे खांदे बघत होते मी. अजून शाळेतल्यासारखे बारीक. ती वाकून पाणी प्यायली तेव्हा मानेवरचं ते लहानपणापासूनचं हाड दिसलं. मला ताट भिंतीवर फेकावंसं वाटलं.

बुधवार, १२ मार्च

माझ्या रागाला या घरात हवामानासारखं घेतात. येतो, जातो, छत्री उघडून बसायचं. कुणी विचारत नाही की हिला नक्की कशाचा राग आला. मी ओरडते म्हणून माझं म्हणणं खोटं ठरतं आणि तो शांत असतो म्हणून त्याचं खरं.

आज ओरडले नाही. नीट, हळू आवाजात बोलले. म्हटलं, एकदा उलटा चढवून बघ. एकदाच, माझ्यासाठी. म्हणाला, "बाबांचं नाव गाडीच्या टपाला तोंड करून न्यायचं? लोक काय म्हणतील?"

मग सासूबाईंकडे गेले. वाटलं, आईचं ऐकेल. त्या खिडकीशी बसल्या होत्या, तिथून आवाराचं फाटक दिसतं. सगळं ऐकून घेतलं त्यांनी. मग म्हणाल्या, "लोडर फाटकातून बाहेर पडतो ना, तेव्हा ते नाव दिसतं मला. पार वळणापर्यंत. वाटतं, हे कामावर निघाले."

त्यांचा हात हातात घेतला. गार होता. बाहेर आल्यावर मात्र राग दुप्पट झाला. गेलेल्या माणसाला निरोप द्यायला माझी जिवंत पोर पाठवताय होय!

गुरुवार, १३ मार्च

पुसलं.

तो बाजारात, लेक डिझेल भरायला. फाटकाचा उरलेला राखाडी रंग होता, घट्ट झालेला. पातळ केला. आधी खरवडायला घेतलं, पण अक्षरं निघेनात. चांगला पेंटर होता मेला. मग सरळ वरून ब्रश फिरवला. आधी फोन नंबर. मग आडनाव. मग नाव. नावाशी आल्यावर हात थांबला. सासरे माझ्याशी कधी वाकडं बोलले नाहीत. लग्नानंतर पिकअप चालवायला त्यांनीच शिकवलं मला, "क्लचवर राग काढू नकोस, सूनबाई" असं म्हणत. त्यांना मनात सांगितलं, तुमच्या नातीसाठी करतेय. आणि फिरवला ब्रश.

रागात फिरवला, हे खरं. नुसतं प्रेमानं इतकी अक्षरं पुसली जात नाहीत.

वेल्डर बघत होता. आज हसला नाही. "वहिनी, हे काय केलंत," इतकंच.

संध्याकाळी नवरा आला, लोडरपाशी गेला. मला वाटलं, आता आवार डोक्यावर घेईल. त्यानं काही केलं नाही. ओल्या रंगावर तळहात ठेवला आणि तसाच उभा राहिला. घरात आला तेव्हा हात राखाडी. सासूबाईंना कुणी सांगितलं माहीत नाही. त्या जेवल्या नाहीत.

मला वाईट वाटतंय. आणि मी पुन्हा पुसीन.

शुक्रवार, १४ मार्च

सकाळी सगळे आवारात. ट्रेलर जोडलेला, फळ्या टाकलेल्या. मी त्याला म्हटलं, "आता तर दाखवायला काही नाही ना? चढव उलटा."

तो फळ्यांकडे बघत राहिला. लोडरकडे बघितलं. पुन्हा फळ्यांकडे. जागचा हलला नाही. वेल्डर काम थांबवून बघतोय, मी कमरेवर हात ठेवून उभी. म्हटलं, केवढा अहंकार हा! लेकीच्या जिवापेक्षा मोठा!

"बाबा, मी चढवते," लेक म्हणाली. त्यानं काही म्हणायच्या आत ती लोडरमध्ये बसलीसुद्धा.

मान वळवून मागे बघत, इंचाइंचानं चढवला तिनं. एक चाक फळीच्या कडेला आलं, थांबली, खाली घेतला, पुन्हा चढवला. चाकं कुठंही उचलली गेली नाहीत. पाठ पुढं, बादली मागं, खाली टेकवलेली. साखळ्या चारही कोपऱ्यांना तिनं आवळल्या, मी प्रत्येक ओढून बघितली. मग दांड्याला हात घातला. सगळा जीव लावला. हलला नाही! असं वाटलं की दांड्याचा मुका घ्यावा.

"आई, आता सोड," ती म्हणाली. "मला निघायचंय."

तिला म्हटलं, डोललाच तर ब्रेक मारू नकोस, नुसता पाय उचल ॲक्सिलरेटरवरून. म्हणाली, "दहाव्यांदा सांगतेस." मग खिडकीतून हात काढून माझ्या गालाला लावला.

ती गेल्यापासून फोन हातातच. दुपारी तिचा आला. "पोचले. रेघेसारखा आला मागे. उतारावर तर कळलंच नाही मागे काही आहे म्हणून."

मी त्याला जाऊन सांगितलं. मुद्दाम, शब्दावर जोर देऊन. रे-घे-सा-र-खा.

तो म्हणाला, "बरं झालं." आणि पाठ फिरवली.

मला जिंकल्याचा आनंद पुरता घेऊ द्यायचा नाही म्हणजे नाही.

शनिवार, १५ मार्च

चहाचा कप हातात घेऊन सांगितलं त्यानं. उजव्या डोळ्यानं दिसत नाही. वर्ष होऊन गेलं. मान वळवून मागे बघितलं तर फळी कुठं, हवा कुठं, काही कळत नाही. म्हणून सरळ चढवायचा. नावाचं कारण त्यानं नंतर शोधलं.

लेकीला माहीत होतं. शपथ घातली होती तिला. म्हणून तीच गाडी मागत होती.

वर्षभर त्याच्या शेजारी बसून मी रस्ता बघत होते.