गाडी बुआलाईच्याच दारात का बंद पडते

ती. खामनोई ताईस,

धाकट्या सिंगखामचा दंडवत. लाम्पांगची हवा तुझ्या गुडघ्यांना मानवत असेल अशी आशा करतो. दाजींचा खोकला आणि त्यांचा झुंजीचा कोंबडा, दोघंही आता पहाटे जरा उशिरा उठत असतील. इकडे मी बरा आहे. म्हणजे गाडी सोडून बरा आहे.

तुझ्या कानावर जे आलंय ते साफ खोटं आहे. बुआलाईच्या खाउ सोई नूडल्सच्या दुकानासमोर माझ्या दुपारच्या दुपारी जातात हे खरं, पण त्याला कारण आपली जुनी पिकअप. (मी विधुर, ती विधवा, एवढ्यावर गाव काय काय रचतं बघ.) गाडी सकाळी घरी एका किल्लीत सुरू होते. आलं आणि भोपळे लादून बाजारात नेते. परत येताना मी एक वाडगा खायला थांबतो, आणि मग किल्ली फिरवली की नुसतं ‘टक’. पुढे काही नाही. इंजिन निवलं की संध्याकाळी पुन्हा सुतासारखी सरळ. बाजारातल्या बायका म्हणू लागल्या, “इंजिन ठणठणीत आहे गं, मालकालाच काहीतरी झालंय.”

आता तुला माझा स्वभाव माहीत आहे. आधी तपासावं आणि मग बदलावं हे मला पटत नाही. आधी नवी बॅटरी घातली. गाडी सुरू झाली, मी गावभर सांगत सुटलो, आणि दुसऱ्याच दिवशी बुआलाईच्या दारात ‘टक’. मग स्टार्टर काढून गॅरेजात नेला. तिथे तो टेबलावर असा भिरभिरला की मलाच लाज वाटली. शेवटी विहारात गेलो. भंतेजींनी मंतरलेलं पाणी शिंपडलं, स्टिअरिंगला पांढरा दोरा बांधला, गाडी तत्क्षणी गुरगुरली. आनंदानं उरलेले सगळे भोपळे विहाराला देऊन टाकले. परतताना एक वाडगा खाल्ला आणि (तू ओळखलंसच).

त्या दिवशी बुआलाई ओगराळं हातात घेऊनच बाहेर आली. “सिंगखाम, गिऱ्हाईकं मला विचारतात, पाहुणे मुक्कामाला आहेत का म्हणून! तुमची ही गाडी आज माझ्या दारातून हलली नाही तर चुलीत घालीन.” आतून तिची आई, बाजेवरून: “गाडीला नको, त्याला घाल!”

भर दुपारीच दुकान बंद करून ती स्वतः किल्लीवर बसली आणि मी बॉनेटात डोकं घातलं. मी म्हटलं, करंट कमी पडतोय. ती म्हणाली, “दिवे लावून बघते.” दिवे लावून किल्ली फिरवली. टक. दिवे मात्र लख्ख, जरासुद्धा मंदावले नाहीत. “अंगात बळ नाही म्हणता, मग डोळे कसे वटारतेय ही?” तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. बॅटरी भरलेली, स्टार्टर चांगला. म्हणजे वाट मधेच कुठेतरी तुटत होती. मी बॅटरीचं ऋण टोक जाड केबलनं थेट इंजिनाला जोडलं आणि ओरडलो, “फिरव!” गाडी अशी डरकाळली की आई बाजेवर उठून बसली.

दोष निघाला बॅटरीपासून इंजिनाला जाणाऱ्या अर्थिंगच्या केबलीत. बाहेरून धट्टीकट्टी, आत तारा कुजून चार-दोन धागे उरलेले. इंजिन तापलं की तेही साथ सोडायचे. मी केबल कापून बुआलाईला दाखवली. तिनं आधी केबलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “तुझ्यासारखीच आहे,” म्हणाली. (‘तुमच्या’ नव्हे. ‘तुझ्या’. गावाला ही बातमी अजून लागलेली नाही.)

नवी केबल टाकली. दुसऱ्या दिवशी बाजारातून येताना थांबलो, वाडगाभर खाल्लं, मुद्दाम रेंगाळलो, इंजिन चांगलं तापलेलं असतानाच किल्ली फिरवली. पहिल्याच फटक्याला सुरू! बुआलाई दारातून हात हलवत होती. ताई, एवढं वाईट मला कधी वाटलं नव्हतं. वळणापर्यंत गेलो, गाडी बंद केली, आणि ती बिघडायची वाट बघत बसलो. बिघडली नाही मेली.

असो. गाडी आता उत्तम आहे, तेव्हा काळजी नसावी. दाजींना नमस्कार.

तुझा,
सिंगखाम

ता. क. — सवड काढून या आठवड्यात ये. दाजींनाही आण, आणि विड्याची पानं, सुपारी, फुलं असं तबक घेऊन ये. बुआलाईच्या आईशी वडीलधाऱ्या माणसानं बोलावं लागतं, आणि आपल्या घरात वडीलधारी तूच उरलीस.

ता. क. २ — हे धाडस मी केलं असं समजू नकोस. वळणावर बसलेलो असताना तीच चालत आली. म्हणाली, “गाडी तर सुधारली. आता रोज कुठल्या निमित्तानं बसणार माझ्या दारात? त्यापेक्षा घरातच ये.” मी म्हटलं, विचार करून सांगतो. “नको,” म्हणाली, “तू विचार केलास की भलतंच काहीतरी बदलून आणतोस. नुसतं हो म्हण.”