किल्ल्यामागचं गुलाबी आभाळ

सोमवार, ४ मार्च
आभाळ गेलं! दुरुस्तीला आलेलं समुद्रकाठच्या किल्ल्याचं ते जुनं चित्र — तांब्याच्या पत्र्यावर कोरून कागदावर छापलेलं, वर कुणीतरी हाताने रंगवलेलं. डाग काढायला पाण्यात सोडलं आणि बुरुजामागचा गुलाबी रंग डोळ्यांदेखत विरघळला. आधी ओल्या कापसाने रंग तपासायचा असतो. बावीस वर्षं नवशिक्यांना हेच बजावत आले. आज मीच विसरले! का, तर जाऊबाईंशी फोनवर भांडत होते.

टीपकागदात दाबून ठेवलंय. कार्यशाळेच्या मॅडमना कळलं तर नोकरी गेलीच.

मंगळवार, ५
ताट तसंच सरकवलं. हे म्हणतात, "कागदच ना? माणूस तर नाही ना मेलं!" काय सांगू ह्यांना.

बुधवार, ६
मॅडम जेवायला गेल्या तेवढ्यात आभाळ रंगवलं. जमलं — नको इतकं जमलं. तेव्हापासून जिना वाजला की दाराकडे बघते. चोराच्या मनात चांदणं!

मॅडमनी भिंग लावून पाहिलं. "वा! डाग नावाला नाही." मी हसले.

गुरुवार, ७
मालक उद्या येणार. चित्र चाळीस वर्षं त्यांच्या भिंतीवर होतं म्हणे, बारा चित्रांच्या रांगेत. ते ओळखणारच.

शुक्रवार, ८
मालक आले — जहाजावरचे निवृत्त कप्तान, मुलीचा हात धरून. दोन्ही डोळे गेलेले! जीव भांड्यात पडला माझा. आणि पाठोपाठ स्वतःचीच किळस आली.

कागदाच्या कडेवरून बोट फिरवत म्हणाले, "हिच्या आईने दिलेलं. आभाळ तसंच आहे ना?"

मुलगी चित्राकडे न बघताच म्हणाली, "सगळं तसंच आहे, बाबा."

"तू नको. बाई, तुम्ही सांगा."

मॅडम शेजारीच उभ्या. कुठून बोलले कोण जाणे — "नाही. ते माझ्या हातून धुतलं गेलं. आताचं मी रंगवलेलं आहे."

कप्तानांनी कागदावरचं बोट उचललं. मॅडमकडे बघायची हिंमत झाली नाही.

शनिवार, ९
मॅडमचा निरोप — चौकशी होईपर्यंत येऊ नका.

दुपारी कप्तानांचा फोन. अगदी दबक्या आवाजात. "मुलगी अंघोळीला गेलीय, लवकर बोलतो. ती म्हणते, बाकीची अकराही चित्रं भिंतीवरच आहेत, माझाच हात चुकतो. भिंत चाचपली की हाताला नुसते खिळे लागतात, बाई. येऊन खरं काय ते सांगाल?"