काजुक अडत नाही

प्रिय तातिगात, माझ्या बाबा,

माझे वडील गेले त्याच वर्षी तू जन्मलीस आणि आपल्या रीतीने त्यांचं नाव तुला दिलं. तेव्हापासून तू माझी मुलगी कमी आणि बाप जास्त. बावीस वर्षं तू मला 'लेकी' म्हणून हाक मारतेस आणि मी ओ देते. बापाला कोण रागावतं? म्हणून तुलाही कधी रागावले नाही. आजही रागवायचं नाही.

काल संध्याकाळी तू शिकारीच्या तळावरून रेडिओवर बोललीस. "लेकी, सीलचं मांस खाऊन कुत्री नुसती माजलीत. परवा निघते, सामुद्रधुनीच्या बर्फावरून सरळ घरी. काजुक कुठेच अडत नाही, बघ!" मध्येच कुणीतरी खाकरून म्हणालं, "अडेल कशी? मास्तरीणबाईंच्या हाताखाली शिकलीय!" रेडिओवर सगळी वस्तीच ऐकत असते, सगळी हसली. मीही हसले. मग रात्री जुनी डायरी काढली.

काजुक पिल्लू होती तेव्हाचं आठवतं? तू पंधरा वर्षांची. तिला मांडीवर उताणी घेऊन काखांत गुदगुल्या करायचीस, पुढचे पाय हलके हलके ताणायचीस, म्हणजे पुढे पट्टा टोचू नये. मग छोटा पट्टा शिवून तिच्यामागे रिकामा डबा बांधलास. डबा खडखडला की ती भिऊन तुझ्या कोटात शिरायची. आत्या म्हणाली होती, "ही कसली गाडी ओढते! हिचे हातमोजे कर." तीच भित्री पुढे सगळ्यांत लांब दोरावर, आठ कुत्र्यांच्या पुढे धावायला लागली. बाबा, म्हणजे आधीचा तू, म्हणायचे की पुढे भित्रीच हवी. "ती थांबली की थांबायचं. बर्फ तिच्या पंजांना आधी कळतो, तुझ्या अकलेला मागून." ते म्हातारे होऊन अंथरुणात गेले. त्यांच्या बरोबरीच्या सगळ्यांना ते मिळालं नाही.

तू दक्षिणेला शिकायला गेलीस त्या नोव्हेंबरात मी एकटीच गाडी हाकत होते. माझा चुलतभाऊ सियाकुलुक शेजारून स्नोमोबाइलवर चालला होता. सामुद्रधुनीच्या मध्यावर काजुक थांबली. कान मागे, शेपूट पायांत. मी उतरले, भाल्याचं टोक मारून पाहिलं, बर्फ चांगला जाड लागला. तिला पुढे हो म्हटलं. हलेना. सियाकुलुक ओरडला, "अगं, तू कुत्र्यांना हाकतेस की कुत्री तुला? इथेच संसार मांडतेस का?" मला काय झालं कोण जाणे. चाबूक बाजूला आपटून कुत्र्यांना वळवायचं असतं, तो मी तिच्यावर ओढला. एकदा नाही. शेवटी उलट्या मुठीने, दांड्याने. ती गेली. बर्फ टिकला.

तो टिकला हेच वाईट झालं. मी एक जागा तपासली होती, ती कदाचित पुढची सांगत होती. आम्ही पार झालो म्हणून ती चुकली असं ठरत नाही, हे मला तेव्हा कळायला हवं होतं. मी वर्गात मुलांना हेच शिकवते. त्या दिवशीच्या डायरीत मात्र लिहिलंय, 'काजुक सुधारली.' काल रात्रीपासून तेच दोन शब्द उघडून बसले आहे.

पुढच्या वेळी तिने नुसतं पाऊल आखडलं आणि मागे वळून पाहिलं. बर्फाकडे नाही, माझ्या हाताकडे. मी हात उचलला, ती निघाली. त्यानंतर ती कधीच अडली नाही. गेल्या वसंतात काळसर बर्फावरून तिने गाडी सरळ नेली. खाली बर्फ चामड्यासारखा वाकला, गाडीचा मागचा भाग पाण्यात भिजला. घरी येऊन मी म्हणाले, काजुक किती धीट झाली! लोकांनी वाखाणली. तू यंदा माझी सगळी कुत्री मागितलीस तेव्हाही मी तेवढंच सांगितलं. ती धीट नाही, बाबा. ती अजून तशीच भित्री आहे. फक्त आता तिला पाण्यापेक्षा माणसाची भीती जास्त वाटते, आणि ते मी शिकवलंय.

म्हणून हे पत्र. सियाकुलुक ते घेऊन आज दुपारी जमिनीवरून तळाकडे निघतोय. उद्या तू निघण्याआधी तो पोचला पाहिजे. पण वाटेत वादळ आलं, यंत्र बंद पडलं, तर? मगाशी त्याला सगळं सांगितलं. त्याला तो दिवस आठवतही नव्हता, थट्टा तर मुळीच नाही. ऐकून तो बराच वेळ हातमोजे घालत राहिला. आज संध्याकाळी मी रेडिओवर हेच बोलणार आहे, सगळी वस्ती ऐकत असताना, चाबकाच्या दांड्यासकट. हसू देत. काल संध्याकाळीच बोलायला हवं होतं. लाजेपायी मी तुला सावध करायची एक रात्र घालवली. किनाऱ्याने ये, दोन दिवस जास्त लागले तरी लागू देत. बर्फावर पाऊल ठेवावंच लागलं तर पुढे तू चाल, भाला मारत, तिला मागे ठेव. आणि तिने कधी कुठे जरासं जरी पाऊल आखडलं, तर तिथेच थांब, खाली बस, तिला कोटात घे. तिचं खरं असो वा खोटं, त्या दिवशी पुढे जाऊ नकोस.

तुझी वाट पाहणारी,
तुझीच लेक, आणि तुझीच आई,
आर्नालुक