आजारपण आमच्या रक्तातच नाही

४ जानेवारी
डीएनए चाचणीचा रिपोर्ट आला. नळीत थुंकून पाठवलं होतं ते वाया गेलं नाही. पूर्वज कुठून कुठून आले त्याचं रंगीत चक्र आहे, ते जाऊ दे. खरी बातमी शेवटच्या पानावर. एचएलए नावाच्या जनुकांचा एक प्रकार माझ्यात आहे. तो असलेल्या काही जणांना या साथीच्या विषाणूचा संसर्ग होऊनही लक्षणं दिसत नाहीत म्हणे. ‘काही जणांना’, ‘शक्यता’ हे शब्द कंपन्या वकिलांना भिऊन घालतात. बाबांच्या वडिलांनी जुन्या साथीत अख्ख्या गल्लीची सेवा केली आणि साधे शिंकलेही नाहीत. आमचं घराणंच तसं.

५ जानेवारी, दुपार
धाकट्या बहिणीला फोन. ती लॅबमध्ये विषाणूंवरच काम करते. म्हणाली, दादा, पेशीत कोण घुसलंय त्याचे तुकडे ही जनुकं पेशीबाहेर टांगून दाखवतात, मग शरीराचे पहारेकरी धावतात. प्रत्येकाची टांगायची तऱ्हा वेगळी. एकच प्रकार एका विषाणूला भारी, दुसऱ्यापुढे ढ. आणि लक्षणं नसली तरी तू दुसऱ्याला देऊ शकतोस. लस घे. मी म्हटलं, घराण्याला लस लागत नाही. तिने फोन ठेवला. फार शिकलं की माणूस भित्रा होतो.

९ जानेवारी
चष्म्याच्या दुकानात मालकांनी मास्क सक्तीचा केला. फ्रेम बसवताना गिऱ्हाइकाचं तोंड वीतभर अंतरावर असतं, हे त्यांचं कारण. मी हनुवटीवर लावला. मास्कने माझ्याच चष्म्याच्या काचा धुरकटतात, मग बारीक स्क्रू दिसत नाही. हे व्यावसायिक कारण. एक बाई थेट माझ्या तोंडावर शिंकल्या, मी हसून दाखवलं. मालकांनी मागच्या खोलीत काचा घासायला बसवलं. ही एक प्रकारे बढतीच.

१० जानेवारी
बाबांना रिपोर्ट वाचून दाखवला. खूश. उद्या त्यांची लस होती. म्हणाले, रक्तातच नाही तर सुई कशाला टोचून घ्यायची? मीच अपॉइंटमेंट रद्द केली. आई आणि बायकोने मागेच घेतली आहे. आईचं ठीक आहे, तिचं माहेर मुळात सर्दीचं. ती माणसं रुमाल घेऊनच जन्माला येतात.

१४ जानेवारी
बाबांना ताप. हवा बदलली आहे.

१५ जानेवारी
बायकोने सगळ्यांची टेस्ट करून घेतली. बाबा पॉझिटिव्ह. मीही. पण मला काहीही होत नाही. मुद्दाम जिना धावत चढलो. बहिणीला मेसेज केला: बघ. तिचं उत्तर: बाबांना कुणाकडून आला? उत्तर द्यायला वेळ झाला नाही.

१७ जानेवारी
बाबांना रात्री धाप लागली. अ‍ॅडमिट. ऑक्सिजन लावलाय. मला आत सोडत नाहीत. पार्किंगमध्ये उभा राहून त्यांच्या खिडकीकडे बराच वेळ हात हलवला. नंतर कळलं, ती खिडकी चादरी धुवायच्या खोलीची होती.

१९ जानेवारी
बहीण आली. दाराबाहेरूनच बोलली. तिच्या लॅबच्या एका अभ्यासासाठी आईबाबांनी पूर्वी रक्त दिलं होतं. तो प्रकार बाबांकडे नाहीच, आईकडे आहे. मी म्हटलं, पुन्हा तपास. म्हणाली, तपासलं. मग आजोबा? म्हणाली, कोण जाणे, नशीबही असेल. मग आईची सर्दी? म्हणाली, सर्दीचे विषाणू वेगळे, तेच तर फोनवर सांगत होते.
आई स्वयंपाकघरातून म्हणाली, इतकी वर्षं माझ्या माहेराला नावं ठेवलीस, आता त्यांच्याच जिवावर जिने चढतोयस.
जेवलो नाही. तेही लक्षण नव्हे.

२६ जानेवारी
बाबा घरी. दोन उशांना टेकून बसतात. पाणी पितानाही मधे थांबतात. अपॉइंटमेंट मी रद्द केली होती, याबद्दल एक वाक्य दिवसभर तयार केलं. मास्क नाकावर नीट लावून आत गेलो. तोंड उघडायच्या आत त्यांनी विचारलं, आता निगेटिव्ह आहेस ना? म्हटलं, हो. म्हणाले, तरी दाराशी बस.
बसलो. वाक्य राहिलं. आईच्या माहेरची माणसं मुळात समजूतदार असतात. मी पूर्ण त्यांच्यावर गेलोय.