तीन पुस्तकं, तीन पातेली

प्रिय ताई,

धाकटीचा नमस्कार. कॉन्व्हेंटच्या होस्टेलात न्हाणीघराबाहेर आपण दोघी एकाच पुस्तकात डोकं घालून बसायचो, तुझं पान आधी वाचून व्हायचं आणि मी ते उलटू द्यायची नाही, आठवतं? आत बादली भरून वाहायची. एकदा सिस्टर ओल्या बुटांनी मागे येऊन उभ्या राहिल्या, तरी आपल्याला पत्ता नाही. (पुस्तक जप्त झालं. सुट्टी लागेपर्यंत ते त्यांच्याच उशाशी होतं.)

प्लास्टरमधला पाय कसा आहे? ‘दिवस खायला उठतो, खिळवून ठेवणारं काही सुचव’ असं लिहिलंस. भावोजींनी म्हणे पहाटे उठून यशस्वी कसं व्हावं, हे शिकवणारं पुस्तक आणून दिलं. पाय मोडलेल्या बाईला उठायला सांगतात! भावोजींची निवड आयुष्यात एकदाच बरी निघाली, ती म्हणजे तू, आणि तीही आपल्या बाबांनी केलेली.

मी परीक्षणं वाचून पुस्तकं सुचवत नाही. माझी कसोटी एकच: गॅसवर काहीतरी ठेवायचं आणि वाचायला बसायचं. वाचनालयातल्या बाईंनी बक्षीस मिळालेली एक कादंबरी गळ्यात मारली. दूध तापेपर्यंत मी चारदा उठून पाहून आले. नायक अडीचशे पानं खिडकीतून बाहेर बघतो. शेवटी मीही माझ्या खिडकीतून बघू लागले. तिथे जास्त घडत होतं. याउलट दीपगृहाच्या रखवालदाराची गोष्ट घे: दूध उतू जाऊन पातेलं काळं. विषप्रयोगाची रहस्यकथा: बटाट्यांचा कोळसा. बोटीवरच्या दोन बहिणींची जाडजूड कादंबरी: पाणी आटून अंडी फुटली, एक छताला चिकटलं. याला म्हणतात साहित्य.

पण हे तुझ्या भाच्याला कोण सांगणार? रविवारी आला, पातेली पाहिली, छत पाहिलं, आणि आईचं विसरणं सुरू झालं असा निकाल दिला. सूनबाई गोड आवाजात म्हणाली, “आई, आता आमच्याकडेच राहा. गॅसला हातसुद्धा लावायचा नाही.” मग डॉक्टर. नुकतं मिसरूड फुटलेला मुलगा, मला विचारतो, आज वार कोणता! मी वार सांगितला, तारीख सांगितली, आणि त्याच्या भिंतीवरचं कॅलेंडर मागच्या महिन्याचं आहे हेही सांगितलं. त्याने फाइलीत ‘चिडचिड’ असं लिहिलं. आता शनिवारी माझं सामान न्यायला टेम्पो येतोय. माझं घर, माझी खुर्ची, सगळं तीन पातेल्यांपायी.

तुझी,
धाकटी

ता.क. शनिवारच्या आत त्याला फोन कर. मावशीचं तो ऐकतो. सांग, ही पुस्तकात शिरली की छप्पर कोसळलं तरी उठत नाही, जन्मापासून अशीच आहे.

आणखी एक. परवा चौथं पातेलं जळालं. घासून ठेवलंय, त्याला कळलेलं नाही. तेव्हा हातात पुस्तक नव्हतं. नुसतीच बसले होते. गॅसवर काय ठेवलं होतं, ते अजून आठवत नाही.

सोबत पुस्तकं पाठवतेय. दीपगृह आणि बहिणी तुला. रहस्यकथा तुझ्या नर्सबाईंना, पण त्यांची ड्यूटी संपल्यावर. भावोजींना काही नाही. पत्राची पहिली दोन पानं तुझ्या भाच्याला पाठव. हे तिसरं तू ठेव.