रविवारची नवखी

योकोहामा
१० ऑक्टोबर २००५

ती. सौ. पद्मिनीताईंस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आणि मेतकूट दोन्ही पोचलं. मेतकूट तुमच्या भावाने फस्त केलं, पत्र मी एकटीने वाचलं. फोनवर बोलताना उल्हास शेजारी असतो, म्हणून मनातलं लिहूनच कळवते.

हा खेळांच्या कंपनीत नेमकं करतो काय, असं तुम्ही विचारलंत. टीव्हीवर एकट्याने खेळायचा खेळ असतो. त्यातली नायिका आधी अगदी लिंबूटिंबू. एकेक राक्षस मारला की तिचं बळ वाढतं, ती नवे डाव शिकते. राक्षसही त्या मानाने तगडे हवेत. फार तगडे झाले तर लोक वैतागून खेळ बंद करतात, फार मऊ झाले तर कंटाळतात. हा तोल साधणं हे उल्हासचं काम. आमटीत मीठ घालण्यासारखंच, फक्त चव बघायला दुसऱ्याची जीभ लागते. ती जीभ म्हणजे मी! ऑफिसातली पोरं खेळून खेळून तयार झालीत, म्हणून तो साहेबांना विचारून कच्चा खेळ घरी आणतो आणि रविवारी सकाळी मला खेळायला बसवतो. नवखं माणूस कुठे अडतं ते त्याला माझ्यावरून कळतं.

आता गंमत ऐका, पण त्याला सांगायची नाही हं. मी नवखी राहिलेलीच नाही! कचरा वेगवेगळा करून टाकला, जपानीच्या क्लासला जाऊन आले, की दिवसभर मी दुसरं करू काय? शेवटचा राक्षससुद्धा सहज लोळवते. पण रविवारी मुद्दाम पहिल्याच राक्षसाकडून, एका बेडकाकडून मरते. मग उल्हास जवळ सरकतो. इकडे का वळलीस, घाबरलीस का, असं विचारतो, हसतो, चहासुद्धा स्वतः करून आणतो. आठवड्यात तेवढाच तो माझ्याकडे बघतो हो. मी जिंकले तर उठून जाईल.

लोभ आहेच, त्यात थोडी भर घाला.

तुमची
नंदिनी


नाशिक
२७ ऑक्टोबर २००५

चि. सौ. नंदिनीस,
अ. उ. आ.

बेडकाकडून मरतेस म्हणे! वाचून इतकी हसले की ह्यांनी पेपर खाली ठेवून चौकशी केली. मग ओटा पुसताना एकदम रडूच आलं. अगं, नवऱ्याने घटकाभर शेजारी बसावं म्हणून बायकोने हरून दाखवायचं?

आमचा उल्हास लहानपणापासून असाच. समोर बिघडलेला रेडिओ असला की तहानभूक विसरायचा. रेडिओ गायला लागला की त्याच्याकडे ढुंकून बघायचा नाही. पण तू काही रेडिओ नव्हेस.

शिवाय मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नसलं, तरी एवढं कळतं की तू हरतेस म्हणून तो राक्षस मऊ करत असणार. चव बघणारी जीभच खोटं बोलली तर पंगतीत काय होईल? खोट्याच्या कपाळी गोटा, बाई. त्याला सांगून टाक, आणि जवळ बस म्हणून हक्काने सांग.

माझा जीव तुझ्यापाशी आहे, तो सांभाळ.

तुझी
ताई


योकोहामा
१४ मे २००६

ती. सौ. पद्मिनीताईंस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं ऐकलं नाही मी. दर रविवारी म्हटलं, आजचा एकच, पुढच्या वेळी सांगू. तोवर खेळ बाजारात गेला आणि लोकांनी छीथू केली. एकाने लिहिलं, नायिकेला राक्षसांत उभी करून आंघोळीला जाऊन आलो तरी ती जिवंतच.

खेळ फार मऊ झालाय म्हणून ऑफिसातल्यांनी आधीच सावध केलं होतं. पण उल्हास ठासून म्हणाला होता की माझी बायको खोटं हरत नाही. आता त्याचे साहेब मोरियामा-सान सगळ्यांसमोर कमरेत वाकून त्याच्या चुकीची माफी मागत राहिले. ते त्याला ओरडले असते तर त्याने सोसलं असतं, हे नाही सोसलं. त्याला खेळांवरून काढून कंपनीच्या मोबाइल विभागातली माहितीपुस्तकं तपासायला बसवलंय.

मग मी सगळं सांगितलं. ओरडला नाही. मला नुसतं म्हणाला, खेळ. मी खेळले, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, एकही घाव न खाता. तो बघत राहिला. किती सुंदर खेळतेस, म्हणाला. ताई, लग्नाला सहा वर्षं झाली, असं तो मला पहिल्यांदाच म्हणाला.

तिथेच थांबायला हवं होतं मी. पण विचारलं, की पहिल्यापासून अशी खेळले असते तर रविवारी माझ्याजवळ बसला असतास का? तुमच्या भावाला खोटं बोलता येत नाही. बराच वेळ विचार केला त्याने, अगदी कामाचा विचार करावा तसा. मग नाही म्हणाला. दुसरं कोणी नवखं शोधावं लागलं असतं, म्हणाला. आणि स्वतःच रडायला लागला.

तो खोटं बोलला असता ना, तरी मी राहिले असते.

कोबेला एका मोत्यांच्या व्यापाऱ्याकडे नोकरी मिळाली आहे. जपानी येतं म्हणून घेतलं त्यांनी. पुढच्या आठवड्यात जाते. तुमची वहिनी राहीन की नाही माहीत नाही, पण माया तोडू नका.

नंदिनी


योकोहामा
२० ऑगस्ट २००६

ती. सौ. ताईस,
शि. सा. न.

काल कोबेला जाऊन आलो. नंदिनी बंदरावर भेटायला आली. बाकावर शेजारी बसलो. ती छान दिसत होती. मोत्यांची प्रतवारी कशी करतात ते सांगत होती, भरभर, हात हलवत. मी ऐकत होतो आणि मनातल्या मनात सवयीने शोधत होतो, ही कुठे अडते. ती कुठेच अडत नव्हती. मग मला काही विचारायलाच सुचेना.

तिला ते कळलं. तिने हात आवरले. म्हणाली, नीघ, तुझी गाडी चुकेल. गाडीला अजून दोन तास होते.

तू रागावली आहेस, म्हणून फोन उचलत नाहीस, हे कळतं मला. रागाव. पण एवढ्या पत्राचं उत्तर पाठव. ताई, एखाद्याच्या शेजारी नुसतं कसं बसायचं गं? मला शिकव.

तुझा
उल्हास