डोन्या सेव्हेरिना आमच्या घरी

३ जून, मंगळवार

"आधी तू खा."

सकाळी चाम्पोराडोचा वाडगा पुढे ठेवला तर निंगनिंग हे म्हणाली. चॉकलेटची पेज गरम असेल म्हणून म्हणते, असं मला वाटलं. फुंकर घालून एक चमचा खाल्ला. तिने माझ्या गळ्याकडे पाहिलं — घास खाली उतरला का ते! मग खायला लागली. सहा वर्षांची माझी लेक.

काल दुपारच्या भागात मी सावत्र मुलीच्या चाम्पोराडोत विष कालवलं. म्हणजे मी नाही, डोन्या सेव्हेरिनाने. वर्षभर मालिकेत ही बाई करते आहे मी, तिच्या जिवावर आमचं घर चालतं. निंगनिंगला ती मालिका दाखवायची नाही, अशी घरात सक्त ताकीद आहे. मग दाखवली कोणी? विचारायलाच नको.

४ जून

विचारलंच. आई म्हणाली, "एकटी कशी बघू? मला भीती वाटते तुझी." वर मालिकेतल्या सावत्र मुलीवरून मलाच झापलं — "पोरीला पावसात बाहेर काढलंस ते काढलंस, पायात चपला तरी घालू द्यायच्या होत्यास."

म्हटलं, लेखकाला सांग. "लेखक कशाला? ढकलणारे हात कोणाचे होते?"

कपाळाला हात लावला. जिने मला जन्म दिला तिचं हे, तर पोरीला काय बोल लावायचा.

६ जून

बाजारात मासेवालीने मासे दिले नाहीत. "सेव्हेरिनाला नाही देणार. आधी त्या लेकराची माफी माग." हसत होती, पण दिले नाहीतच. एरवी मला यात मजा वाटते. काम जमलं म्हणायचं. आज मात्र निंगनिंग बरोबर होती. तिने माझा हात सोडला आणि मासेवालीच्या बाजूला जाऊन उभी राहिली.

रिकामी पिशवी घेऊन घरी आले. रस्ताभर ती दोन पावलं मागे.

९ जून

समजावून पाहिलं. टीव्हीतलं सगळं खोटं असतं गं.

"मग बातम्यांतलं वादळ?"

ते खरं.

"आणि साबणाच्या जाहिरातीत तू असतेस ते?"

तो साबण मी वापरत नाही. मी असते खरी… माझाच गोंधळ उडाला. नवऱ्याचा, एफ्रेनचा, जहाजावरून फोन आला, त्याला सांगितलं. "टीव्ही विकून टाक," म्हणे. त्याला काय, समुद्रात बसून बोलायला! टीव्ही गेला तरी तिच्या डोक्यातली सेव्हेरिना जाणार आहे का? पोरगी आता आजीजवळ झोपते. माझ्याच लेकीला माझी भीती — हे कोणाला सांगायचं तरी कसं? आज खूप रडले.

नुसतं सांगून भागणार नाही. दाखवायलाच हवं.

१४ जून, शनिवार

निंगनिंगला चित्रीकरणाला नेलं. हवेलीच्या भिंती तिने मागून पाहिल्या — नुसत्या फळ्या आणि टेकू. विषाची बाटली हुंगली. खोकल्याचं औषध!

मग थपडेचा प्रसंग. सावत्र मुलगी करणारी क्लारिता आठ वर्षांची आहे, एकदम चलाख. दिग्दर्शकांना विनवून निंगनिंगला आधी कॅमेऱ्याशेजारी उभं केलं. मी क्लारितावर हात उगारला, निंगनिंगने डोळे मिटले. दुसऱ्या वेळी तिला बाजूला उभं केलं. "आता माझ्या हाताकडे बघ." हात गालापासून वीतभर लांबून जातो, क्लारिता मान झटकते, आवाज नंतर घालतात. निंगनिंगचं तोंड उघडंच राहिलं. मग मी तिला एक 'मारली'. तिने मान झटकली, जमिनीवर कोसळली आणि हसत सुटली! त्यानंतर दिवेवाल्यापासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांनी तिच्याकडून खाल्ल्या.

मधल्या सुट्टीत क्लारिता नेहमीसारखी येऊन माझ्या मांडीवर बसली. मी तिचा घाम पुसला, केळं सोलून दिलं. निंगनिंगलाही हाक मारली. ती लांबूनच बघत राहिली. दमली असेल.

१५ जून

वाडगा पुढे ठेवला, निंगनिंगने सरळ खायला सुरुवात केली. जीव भांड्यात पडला. दुपारी आजीला सांगत होती, "लोला, घाबरू नकोस. हात लागतच नाही." आई म्हणाली, "माहीत आहे मला." आणि मालिका लागल्याबरोबर सेव्हेरिनाला शिव्या घालायला लागली.

आज मीही दोघींबरोबर बसून पाहिली. हे आधीच करायला हवं होतं. नुसतं "बघू नकोस" म्हणून मी पोरीला त्या बाईबरोबर एकटं सोडलं होतं.

१९ जून

पुढच्या महिन्यात सेव्हेरिना मरते! आणि मला नवी मालिका मिळाली. चक्क चांगली आई! गरीब, सोशिक, लेकीसाठी जीव टाकणारी. लेक पुन्हा क्लारिताच. आईने चर्चमध्ये जाऊन मेणबत्ती लावली. "आता मासे मिळतील," म्हणाली. उद्या निंगनिंगला सांगते. उड्या मारेल.

२० जून, शुक्रवार

उड्या मारल्या नाहीत. मी सांगितलं — आता मी दुष्ट नाही, क्लारिताला रोज जवळ घेणार, थोपटून झोपवणार. तिने स्वतःचा तळहात गालाला लावून पाहिला.

"नानाय, थप्पड मारताना हात लागत नाही. मग मिठी कशी मारणार, न लागता?"

तिला खोटं सांगवेना. म्हटलं, मिठी लागतेच गं.